जिन्यांतील दिवा आणि दोन बटणें

प्रवरेच्या तीरावरील नेवासें हें ज्ञानेश्वरीचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथील आमच्या वाड्याचा जिना मात्र आप्तवर्गांत निराळ्याच कारणानें प्रसिद्ध होता. तो भिंतीच्या पोटांत बांधलेला, अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि भरदुपारींहि काळोखाचा. दिव्याचें बटण एकच, तेंहि खालीं. माडीवर निजावयास गेल्यावर दिवा मालवावयाचा कोणीं? म्हणून तो आधींच मालवून सर्वजण अंधारांत चढत. अखेर एके रात्रीं आत्याबाईंचा पाय घसरला आणि त्यांना दीड महिना अंथरुणास खिळून राहावें लागलें. तेव्हां कोठें आम्हां पुरुषमंडळींचे डोळे उघडले.

उपाय सोपा आहे. वायरमन लोक त्यास ‘जिना वायरिंग’ म्हणतात. साध्या बटणास दोन स्क्रू असतात, ‘टू-वे’ बटणास तीन. त्यांपैकीं एक सामाईक असून बटण कसेंहि दाबलें तरी तो उरलेल्या दोहोंपैकीं एकाशीं जोडलेला राहतो. फेजची तार खालच्या बटणाच्या सामाईक स्क्रूस द्यावयाची. वरच्या बटणाच्या सामाईक स्क्रूपासून दिव्याकडे तार न्यावयाची. आणि दोन्ही बटणांचे उरलेले दोन-दोन स्क्रू दोन तारांनीं एकमेकांस जोडावयाचे. न्यूट्रल तार सरळ दिव्यास. मधल्या दोन तारा म्हणजे नदीवरील दोन पूल समजा. दोन्ही बटणें एकाच पुलाशीं जोडलीं गेलीं कीं दिवा लागतो. निरनिराळ्या पुलांशीं गेलीं कीं विझतो. म्हणूनच वरून वा खालून, कोणतेंहि एक बटण दाबलें तरी स्थिति पालटते.

पण येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आमच्याकडे प्रथम आलेल्या वायरमननें, तार वांचेल म्हणून, दुसरीच जोडणी सुचविली होती: फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा प्रत्येक बटणांत घालावयाच्या व दिवा दोन सामाईक स्क्रूंच्या मध्यें ठेवावयाचा. अशानेंहि दिवा लागतो आणि विझतो; पाहणाऱ्यास फरक कळत नाहीं. परंतु दिवा विझण्याच्या दोन स्थितींपैकीं एकींत त्याच्या दोन्ही टोकांस फेज असतो. बल्ब अंधारा, आणि होल्डरमध्यें मात्र 230 व्होल्ट! बल्ब बदलावयास स्टुलावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतावें, एवढी ही काटकसर महाग आहे.

जोडणी बिनचूक असली तरीहि बटणाच्या खालीं-वर असण्यावरून कांहींच समजत नाहीं. शिवाय एकत्र कुटुंबांत खालीं कोणी बल्ब काढीत असतां वरून एखादें मूल सहज बटण दाबील. तेव्हां बल्बास हात लावण्यापूर्वीं मेन स्विच बंद करणें हाच नियम घरांतील लहानथोरांनीं पाळावा. वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावें. त्याच वेळीं मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक बसविल्यास अधिक चांगलें. अंगांतून प्रवाह जमिनींत जाऊं लागतांच तो पुरवठा तोडतो.

काम संपल्यावर गृहिणीनें एवढेंच विचारावें, “न्यूट्रल बटणांत घातला आहे काय?” ‘नाहीं, तो सरळ दिव्यास गेला आहे,’ हें उत्तर मिळालें व पडताळून पाहिलें, तरच पैसे चुकते करावे. आमच्या घरीं हा प्रश्न आत्याबाईंनींच विचारला; आणि नव्या दिव्याच्या उजेडांत माडीवर पहिलें पाऊलहि त्यांनींच टाकलें.