लाळग्रंथींचा कर्करोग आणि पेशींना जोडणारा सांधा

शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना पेशी-आसंजन प्रथिने म्हणतात. या टिपणात त्यांपैकी एकाच प्रथिनाचा विचार करू: ई-कॅडहेरिन. लाळग्रंथीतील नलिकांचे अस्तर अखंड राहते ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी याकडे यंत्रातील सांध्यासारखेच पाहावे. या रेणूचे पेशीबाहेर एकापुढे एक असे पाच खंड असतात आणि लगतच्या खंडांच्या मध्ये कॅल्शियमचे आयन बसतात. कॅल्शियम असेल तर ही साखळी ताठ राहते व शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूला पकडते. ते काढून घेतले की साखळी लुळी पडते. प्रयोगशाळेत पेशी सुट्या करण्यासाठी ईडीटीए वापरतात ते म्हणूनच. कॅल्शियमवर अवलंबून असलेले हे चिकटणे जपानचे मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये वेगळे ओळखले.

पेशीच्या आत या रेणूचे टोक बीटा-कॅटेनिनला, ते अल्फा-कॅटेनिनला आणि पुढे ॲक्टिन तंतूंच्या सांगाड्याला जोडलेले असते. यंत्रातला नट सुटला तर तो खाली पडून राहतो. बीटा-कॅटेनिनचे तसे नाही. सुटे झालेले बीटा-कॅटेनिन पेशीने वेळीच नष्ट केले नाही, तर ते केंद्रकात शिरून वाढीशी संबंधित जनुके चालू करू शकते. म्हणजे सांध्याचा भागच संदेशवाहकही आहे!

ई-कॅडहेरिनचे जनुक सीडीएच१, सोळाव्या गुणसूत्रावर. ते बंद पडण्यासाठी उत्परिवर्तनच व्हावे लागते असे नाही. त्याच्या नियंत्रक भागावर मेथिल गट बसले, किंवा स्नेलसारख्या प्रथिनाने त्याला दाबले, तरी जनुक शाबूत असून मुके राहते.

आता ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा घ्या. लाळग्रंथींचा हा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा चाळणीसारखा दिसतो, हळू वाढतो, पण मज्जातंतूंच्या कडेने सरकतो आणि अनेक वर्षांनीही फुफ्फुसात उगवू शकतो. ‘सांधा तुटला की कर्करोग पसरला’ हे सूत्र परीक्षेच्या उत्तरात सोपे वाटते, पण इथे ते अपुरे पडते. या गाठींच्या पेशींमध्ये ई-कॅडहेरिन बऱ्याचदा टिकून असते. पेशी एकेकट्या न जाता गटानेही सरकतात. त्यामुळे रंजित काचपट्टी पाहताना तपकिरी रंग किती आहे एवढेच पाहू नका, तो कुठे आहे ते पाहा. पेशीच्या कडेला सलग रेघ असेल तर सांधा जागेवर आहे. रंग आत पेशीद्रवात विखुरला असेल तर प्रथिन आहे, पण जोडण्याच्या कामावर नाही. अहवालातील नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

उपचार या एका चाचणीवर ठरत नाहीत. गाठीचा प्रकार, टप्पा, शस्त्रक्रियेच्या कडा आणि मज्जातंतूचा सहभाग हे आधी पाहिले जाते. कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथीतून चेहऱ्याचा मज्जातंतू जातो. तिथल्या गाठीबरोबर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली तर थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. मोठा मज्जातंतू बाधित असेल तर किरणोपचाराच्या आखणीत त्याचा कवटीच्या तळापर्यंतचा मार्गही धरतात.