लवंगेचं तेल आणि स्तनाचा कर्करोग: प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो. "लवंगेच्या तेलानं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. खरं का?" उत्तर आहे, हो, मरतात. पण कुठे मरतात, ते आधी पाहू.

अशा बहुतेक प्रयोगांत एमसीएफ-७ नावाच्या पेशी वापरतात. अमेरिकेतल्या एका रुग्ण स्त्रीच्या छातीत साठलेल्या द्रवातून त्या मिळाल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. आजही त्या जगभर वाढवल्या जातात. प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत त्या ठेवायच्या, त्यावर तेल घालायचं आणि एक-दोन दिवसांनी पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो जांभळा करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी उरल्या.

आता बघा, साबणाचं पाणी घातलं तरी त्या पेशी मरतील! म्हणून पहिला प्रश्न हा, की निरोगी पेशींचं काय झालं? दुसरा प्रश्न मात्रेचा. समजा, दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम तेल लागलं. आपल्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. म्हणजे नुसत्या रक्तातच २५० मिलिग्रॅम तेल टिकून राहायला हवं. पण पोटात गेलेलं तेल आधी यकृताकडे जातं आणि तिथे त्याची मोडतोड होते. मग जास्त पिऊ या? नको! लवंगेचं शुद्ध तेल जास्त पोटात गेलं, तर यकृतालाच गंभीर इजा होते.

माणसांवर काहीच झालं नाही, असंही नाही. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनिन असतं. अमेरिकेत शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या ४३ स्त्रियांना ते रोज २ ग्रॅम, दोन ते सहा आठवडे दिलं. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. लिमोनिन स्तनाच्या ऊतीत साठलं आणि पेशीविभाजनाला चालना देणारं एक प्रथिन सुमारे २२ टक्क्यांनी घटलं. आशादायक आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि या स्त्रियांची शस्त्रक्रिया टळली नाही, हेही लक्षात ठेवा.

वनस्पतीतून औषध मिळतं, यात शंका नाही. पॅक्लिटॅक्सेल हे सुगंधी तेल नव्हे, पण तेही झाडाच्या सालीतूनच आलं. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, मूळचे आपल्या नंदुरबारचे. साल गोळा केली १९६२ मध्ये, आणि स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९४ मध्ये. मधली बत्तीस वर्षं रेणू वेगळा करण्यात, मात्रा ठरवण्यात आणि चाचण्यांत गेली.

तेलाच्या बाटलीनं ही बत्तीस वर्षं पार केलेली नाहीत. म्हणून गाठ हाताला लागली, तर आधी डॉक्टरांकडे जा. तेलाच्या भरवशावर घालवलेले महिने परत मिळत नाहीत.