तुटलेला दात, वाचणारी नस

हातपंपाचा दांडा हातातून निसटला की सरळ तोंडावर येतो. सायकल घसरते, आंब्यावरून उतरताना पाय चुकतो, मधल्या सुटीत धक्का लागतो. सडक अर्जुनी तालुक्याच्या खेड्यांत काय किंवा नागपूर शहरात काय, आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडात सर्वाधिक मार खातो तो वरचा मधला दात. रक्त थांबलं की घरचे म्हणतात, ‘मोठा झाला की कॅप बसवू.’ नेमकं इथेच चुकतं.

सातव्या-आठव्या वर्षी उगवलेला हा कायमचा दात बाहेरून पुरा दिसला, तरी हिरडीच्या आत तो घडतच असतो. मूळ पूर्ण व्हायला आणखी साधारण तीन वर्षं लागतात. तोवर मुळाचं टोक उघडं आणि भिंती पातळ असतात. मूळ घडवण्याचं काम दाताची नस, म्हणजे दंतमज्जा करते. ती मेली की मूळ आहे तिथेच थांबतं आणि पुढे साध्या धक्क्यानेही दात मोडू शकतो. म्हणून मुलांमध्ये आधी नस वाचवायची, रूप नंतर.

तुकडा उडाला की एनॅमलखालचं डेंटिन उघडं पडतं. त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात. गार पाणी लागताच कळ येते ती त्यांच्यामुळे, आणि जंतूही त्याच वाटेने आत शिरतात. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसला, तर नसच उघडी पडलेली असते. तरीही आशा सोडू नये. स्वीडनमध्ये मिओमिर त्स्वेक यांनी असे दात घेतले, वरवरची सुमारे दोन मिलिमीटर नस काढली आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावून दात बंद केले. 1978 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: 60 पैकी 58 दात बरे झाले. त्यांतल्या काहींची नस कित्येक दिवस उघडी होती. उशीर झाला म्हणून घरी बसू नये, हा त्याचा अर्थ.

आता रूपाचं. मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवलं, की फॉस्फोरिक आम्ल लावलं की एनॅमलवर अतिसूक्ष्म खड्डे पडतात आणि राळ त्यांत घट्ट रुतते. आजचं दातरंगी कंपोझिट याच तत्त्वावर चिकटतं. दंतवैद्य ते थराथराने चढवतात आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कडक करतात. उडालेला तुकडा सापडला तर त्याहून उत्तम, कारण तोच परत चिकटवता येतो. तो कोरडा पडू देऊ नये, पाण्यात किंवा दुधात घालून सोबत न्यावा.

दात मुळासकट निखळला, तर मात्र घड्याळ धावू लागतं. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय सडक अर्जुनीहून शंभर किलोमीटरहून दूर आहे, महामार्गानेही तासात पोहोचणं कठीण. तेव्हा पहिला उपचार जागेवरच करावा लागतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. घाण असेल तर दुधाने हलकेच धुवायचा, घासायचा नाही. लगेच खोबणीत बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. ते जमलं नाही, तर दात दुधात ठेवून दंतवैद्याकडे निघायचं. दुधाचा दात निखळला असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या दाताला इजा होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतात आणि दातांचे विकारही त्यांच्या यादीत आहेत. शिक्षकांनी त्या दिवशी तुटक्या दातांची मुलं आवर्जून पुढे करावीत. दात काळपट झाला असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर विलंब नकोच. आणि काहीच दुखत नसेल, तरीही मूळ पुरं होत आहे का, हे एक्स-रेवर पाहून घ्यावं. नस आतून मेली, तरी कित्येकदा दुखत नाही.