वेलींचा मोझॅक रोग

काकडी, दुधी, दोडका यांच्या पानांवर कधी कधी हिरवे-पिवळे चट्टे दिसतात. पाने आकसतात, वेलीची वाढ खुंटते आणि फळे वेडीवाकडी होतात. हा मोझॅक रोग होय. तो विषाणूंमुळे होतो. काकडीवरील या रोगाचे वर्णन १९१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

मावा ही बारीक कीड रोगट पानातील रस शोषते आणि निरोगी वेलीवर जाऊन बसते. तिच्याबरोबर विषाणूही तेथे पोचतात. त्याला एखादे मिनिटही पुरते. म्हणून केवळ कीटकनाशक फवारून रोग थांबत नाही.

रोगट वेल बरी करणारे औषध नाही. ती दिसताच उपटून नष्ट करावी. तिला चार काकड्या लागलेल्या असतात, म्हणून शेतकऱ्याला धीर होत नाही. पण एका वेलीचा मोह धरला, तर सारा मळा हातचा जातो.