तीन देश, तीन 'हेल', नातं शून्य

इंग्रजीत 'हेल' म्हणजे नरक, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण याच नावाची तीन छोटी ठिकाणं नकाशावर खरोखर आहेत: एक नॉर्वेत, एक अमेरिकेत आणि एक कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर. मग ही नावं एकमेकांवरून पडली का? अजिबात नाही.

आधी नॉर्वे. ट्रॉन्हाइम शहराजवळच्या या गावाचं नाव जुन्या नॉर्स भाषेतल्या 'हेल्लिर' शब्दावरून आलंय. अर्थ, कड्याखालची कपार किंवा गुहा. गंमत म्हणजे आजच्या नॉर्वेजियनमध्ये 'हेल' म्हणजे चांगलं नशीब! नरकाला तिकडे 'हेल्वेते' म्हणतात. तिथल्या रेल्वे स्टेशनवर 'गॉड्स एक्स्पेडिशन' अशी जुनी पाटी आहे. इंग्रजी डोक्यात असेल तर वाटतं, देवाची मोहीम! प्रत्यक्षात तिथे मालाची बुकिंग व्हायची, बस्स.

आता अमेरिकेतलं मिशिगन. इथलं नाव १८४१ पासूनचं. गावात गिरणी आणि दुकान चालवणाऱ्या जॉर्ज रीव्ह्सना गावाला काय नाव द्यायचं असं विचारलं, तेव्हा ते 'हेल म्हणा हवं तर' असं बोलून मोकळे झाले, अशी गोष्ट सांगतात. दुसरी गोष्ट जर्मन प्रवाशांची. त्यांनी ऊन पाहून 'हेल' म्हटलं म्हणे. जर्मनमध्ये 'हेल' म्हणजे लख्ख.

ग्रँड केमनला मात्र खरोखर नरकच अभिप्रेत आहे. तिथे चुनखडीचे काळेकुट्ट, अणकुचीदार खडक पसरलेत. दगड मुळात फिकट, पण शेवाळामुळे वरून काळा पडलेला. पर्यटक तिथल्या पोस्टातून 'हेल'चा शिक्का मारून घरी कार्डं पाठवतात.

म्हणजे बघा, एकाला नाव दिलं कपारीनं, एकाला बहुधा वैतागानं, एकाला खडकांनी. उच्चार जुळला, इतिहास नाही.

हे लक्षात ठेवायचं कारण आपल्या फोनमध्येच आहे. 'परदेशातल्या अमुक गावाचं नाव आपल्यासारखं, म्हणजे आपलेच पूर्वज तिथे गेले होते' असे फॉरवर्ड आपण सगळ्यांनी वाचलेत. पुढच्या वेळी शेअर करण्याआधी एवढंच विचारा: हे नाव तिथल्या भाषेत काय सांगतं, आणि ते केव्हापासून आहे? नुसत्या सारख्या आवाजावर नातं जोडू नका.