काकांची चेनसॉ आणि तीन आकडे

वळवाच्या वाऱ्यात हळ्ळीखेडच्या आमच्या शेतातली बाभूळ गोठ्यावर आडवी झाली. म्हैस उघड्यावर, पाऊस तोंडावर. काकांनी जुनी चेनसॉ काढली, तर बारची खाच रुंदावलेली, साखळी डुलतेय. अशी साखळी उसळली तर हातच जायचा. बारवरचे आकडेही पुसलेले.

हुमनाबादला दुकानात मी ‘अठरा इंची’ एवढंच सांगून साखळी आणली. चक्रावर बसलीच नाही. चूक माझीच, नुसत्या लांबीवर साखळी मिळत नसते.

मग बीईच्या वर्कशॉपनंतर पहिल्यांदाच व्हर्नियर हातात घेतला. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याचं निम्मं, म्हणजे ०.३२५ इंच, हा पिच. मी आणलेली ३/८ ची होती! खाचेत उतरणाऱ्या कडीची जाडी १.५ मिलिमीटर, हा गेज. खाच झिजलेली असल्याने ती कडीवरच मोजावी.

तिसरा आकडा या खालच्या कड्यांचा. काकांनी पहिलीवर खडूची खूण केली.

"बहात्तर. आता तू मोज बघू."

मला एकाहत्तर आल्या. पुन्हा मोजल्या, बहात्तर.

दुसऱ्या दिवशी बार, साखळी आणि झिजलेलं चक्र, तिन्ही बदललं. संध्याकाळपर्यंत गोठा मोकळा झाला.