भाभांचे भाकीत आणि लासलगावचा आंबा

ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणूस काबूत आणेल, असे त्यांनी तिथे सांगून टाकले. आदल्याच वर्षी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे लुईस स्ट्रॉस म्हणाले होते, की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त पडेल, की मीटरची गरजच उरणार नाही. आपल्या दारातला मीटर काही हलला नाही.

भाभांची मुदत १९७५ला संपली. संमीलनात घातलेल्या लेझर-ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा पहिल्यांदा निघाली ती डिसेंबर २०२२मध्ये, कॅलिफोर्नियात. २.०५ मेगाज्यूल घातले, ३.१५ मिळाले. लेझर चालवायला जाळलेली वीज याच्या कैक पट. ती हिशेबात धरलेलीच नव्हती.

अणुविभंजनाची गोष्ट वेगळी. ते शास्त्र हाती होते, म्हणून तिथली चूक जास्त बोलकी. भारतात १९८०पर्यंत ८,००० मेगावॉट अणुवीज, असा भाभांचा अंदाज होता. १९६९मध्ये तारापूरच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, पण त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या आणि इंधनही तिकडचेच. १९७४ला पोखरणची अणुचाचणी झाली. त्यावरून कॅनडाने रावतभाट्याच्या अणुप्रकल्पाचे काम अर्धवट टाकून अंग काढले, पुढे तारापूरच्या इंधनाचीही रड सुरू झाली. १९८० उजाडले तेव्हा व्यावसायिक वीज देणाऱ्या अणुभट्ट्या तीनच होत्या. भाभांचा आकडा देशाने ओलांडला तो २०२४मध्ये. तरी एकूण विजेतला वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच. समीकरणे भाभांना पाठ होती. कोण कधी इंधन अडवील, हे कुठल्या समीकरणात बसणार?

गाजले ते विजेचे भाकीत. घरात शिरले ते भलतेच. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने बियाण्यांत बदल घडवले. त्यातून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर ‘टीएजी-२४’ हा भुईमूग आला आणि शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. लासलगावला २००२मध्ये कोबाल्ट-६०चे विकिरण केंद्र उभे राहिले, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. नाव कमावले मात्र आंब्याने: २००७मध्ये इथेच विकिरण होऊन हापूस अमेरिकेला गेला. कांदा अजूनही बहुतेक चाळीतच साठवला जातो.